वरिष्ठ खोटी नोंद करायला सांगतात, तेव्हा अधीनता कुठवर?

लेखणी: बायबलमध्ये 1 पेत्र 2:18 इथे दासांना चांगल्याच नव्हे, कठोर धन्यांच्याही अधीन राहायला सांगितलंय. मग तपासणी न करताच ‘तपासलं’ लिहून सही करा, असं साहेब म्हणाले तर? आणि नकार द्यायचाच तर उद्धटपणा न होता कसा?

मोहरीचा दाणा: ते वचन धन्याच्या स्वभावाबद्दल आहे, त्याच्या पापात सामील होण्याबद्दल नाही. विसावं वचन पाहा, तिथे चांगलं करून सोसण्याची गोष्ट आहे. साहेब खेकसतात, कंटाळवाणं काम देतात, न पटणारी पद्धत लादतात, तर ऐकायचं. तेही कलस्सै 3:22 प्रमाणे, तोंडदेखलं नव्हे. खोटी सही हे वेगळं प्रकरण. शौल राजाने याजकांना मारायला सांगितलं तेव्हा त्याच्याच शिपायांनी हात उचलला नाही (1 शमुवेल 22:17).

कारभारी: ‘कसा’ साठी दानीएल 1 वाचा. दानीएलाला राजाचं अन्न खायचं नव्हतं. राजवाड्यातल्या खोजांच्या सरदाराने अडचण सांगितली: मुलं रोडावली तर राजा माझं डोकं उडवील. दानीएलाने वाद घातला नाही. सरदाराने नेमलेल्या कारभाऱ्याकडे मोजकीच विनंती केली: 10 दिवस, शाकभाजी नि पाणी, मग तुम्हीच तुलना करा. म्हणून आधी साहेबांची भीती ओळखा; बहुधा ती मुदतीची असते. एकट्यात भेटा. ‘तपासणी राहिलीय. एक माणूस मिळाला तर संध्याकाळपर्यंत उरकते. नाहीतर नोंदीत ‘बाकी’ लिहितो, ग्राहकाला कळवायचा मजकूर मी तयार करतो.’ त्याच दिवशी हेच दोन ओळींत ईमेलवर.

बिघडतं कुठे? ग्रुपवर सगळ्यांदेखत नकार दिला की, साहेबांना वचनं ऐकवली की, किंवा त्यांच्याशी बोलण्याआधीच बोभाटा केला की.

लेखणी: ईमेल केला तर अविश्वास वाटणार नाही?

कारभारी: शब्दांवर आहे. ‘तुम्ही खोटं लिहायला सांगितलंत’ नको. ‘सकाळी बोललो त्याप्रमाणे नोंद ‘बाकी’ ठेवली आहे’ एवढं पुरे.

बेथेल: एक भर. ही वचनं दासांना उद्देशून आहेत, राजीनामा त्यांच्या हातात नव्हता. तरी मोकळं होता आलं तर व्हा, असं 1 करिंथ 7:21 सांगतंच. आणि रोम 13 (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा) फक्त हाताखालच्यांसाठी नाही. साहेबही कायद्याखालीच आहेत, त्यामुळे रीतसर तक्रार म्हणजे बंड नव्हे. पगारवाढ अडली म्हणून सूड घ्यायला मात्र ती वाट धरू नका. साहेब आपल्या ख्रिस्ती मंडळीतलेच असतील तर आधी 1 तीमथ्य 6:2 वाचा. ‘आपला भाऊच आहे’ म्हणून ढिलाई करायला तिथे साफ मनाई आहे.