यलो एकट्या युनियनमुळे बुडाली नाही

यलो ही अमेरिकन ट्रक कंपनी युनियनच्या हट्टापायी बुडाली, असं काही जण म्हणतात. अर्धंच खरं आहे. जुलै 2023मध्ये टीमस्टर्स या तिथल्या कामगारांच्या युनियनने संपाची नोटीस दिली, घाबरलेल्या ग्राहकांनी माल दुसरीकडे वळवला आणि 30 जुलैला काम थांबलं, इथपर्यंत ठीक. पण याच कामगारांनी 2009 मध्ये पगारात एकूण 15 टक्के कपात सोसली. पेन्शनचा भरणा आधी बंद झाला, नंतर सुरू झाला तो पूर्वीच्या चौथाईवर. रोडवे आणि यूएसएफ या दुसऱ्या ट्रक कंपन्या विकत घेताना झालेलं कर्ज काही ड्रायव्हरांनी काढलं नव्हतं!

2020 मध्ये सरकारने 70 कोटी डॉलर कर्ज दिलं, त्यातले 40 कोटी ट्रॅक्टर (ट्रकचा पुढचा इंजिनाचा भाग) आणि ट्रेलरसाठी. ताफ्याची काय अवस्था असेल ते यावरून ताडा.

कामगारांचं कुणी ऐकलं नाही की काय होतं ते मी पाहिलंय: मी ओहायोत दुसऱ्याच एका कंपनीच्या डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या जागी) रात्रपाळी केलीय. फोर्कलिफ्टचा ब्रेक धरत नाही म्हणून तक्रार लिहायची, तिसऱ्या आठवड्यातही तीच फोर्कलिफ्ट वाट्याला. मग कुणी लिहीतच नाही. पूर्वी ट्रेलरचा दरवाजा अडकला की चौघे धावायचे, नंतर कॉफीचा कप घेऊन लांबूनच बघायचे. सुपरवायझर त्याला आळस म्हणायचा (तो स्वतः ऑफिसात हीटरजवळ बसून).

आणि हो, यलो बुडाल्यावर तिच्या टर्मिनलांच्या (मालाच्या तळांच्या) पहिल्या मोठ्या लिलावातून सुमारे 188 कोटी डॉलर आले. 30,000 जणांची नोकरी मात्र तोवर गेली होती.