तिरंगा कोणावर पांघरायचा, हे ठरवतं कोण?

पार्लेकर

१७ नोव्हेंबर, बाळासाहेब ठाकऱ्यांचा स्मृतिदिन, जवळ आला की दरवर्षी एक पोस्ट फिरते. यंदा ती माझ्या मेहुण्याने पाठवली. "ज्याच्या अंत्ययात्रेला लाखो लोक आपणहून आले, त्याला सरकारी इतमाम द्यायचा नाही तर कोणाला? माणूस गेला की वैर संपतं. आक्षेप घेणारे महाराष्ट्रद्वेष्टे." त्या शेवटच्या शब्दामुळे लिहायला बसलोय. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात माझ्या आजीने लाठी खाल्ली होती. मला द्वेष्टा म्हणायचा हक्क मी कोणालाही देत नाही.

गर्दीबद्दल माझा वाद नाही. १८ नोव्हेंबर २०१२ ला मुंबई रस्त्यावर होती, ते सगळ्यांनी पाहिलंय. वाद तिरंग्याबद्दल आणि पोलिसांच्या मानवंदनेबद्दल आहे. बाळासाहेबांनी आयुष्यात एकही सरकारी पद घेतलं नाही, साधी आमदारकीही नाही. मग इतमाम कशाच्या आधारावर?

१९८७ च्या पार्ल्याच्या पोटनिवडणुकीच्या वेळी मी अकरावीत होतो. सभेचे भोंगे आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू यायचे. बाळासाहेबांनी धर्माच्या नावावर उघड मतं मागितली. ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो गैरप्रकार असल्यावर शिक्कामोर्तब केलं आणि १९९९ मध्ये बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला, निकालाच्या तारखेपासून मोजून डिसेंबर २००१ पर्यंत. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींबद्दल त्यांच्यावर ठपका ठेवणारा १९९८ चा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल तर वेगळाच. ज्या राज्यव्यवस्थेने माणसाचं मत काढून घेतलं, तीच पुढे तेरा वर्षांनी त्याच्यावर राष्ट्रध्वज पांघरते. मधल्या काळात कोणता निकाल फिरला? कोणता अहवाल फेटाळला गेला?

१९७१ च्या कायद्याप्रमाणे शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यविधी सोडून पार्थिवावर तिरंगा पांघरणं हा गुन्हा आहे. म्हणजे गुन्हा आणि सन्मान यांच्यात फक्त सरकारचा हुकूम उभा असतो. तो हुकूम लेखी, कारणासकट आणि लोकांना वाचता येईल असा हवा. माझं म्हणणं एवढंच आहे.

लालबागचा_दत्ता

पार्लेकर, तुमची गॅलरी पार्ल्यात होती. आमची चाळ लालबागला. माझे वडील मॅट्रिक झालेले, मिलचा संप फसल्यावर दोन वर्षं घरी बसलेले. ज्या ऑफिसात मराठी माणसाला दारातूनच परत पाठवायचे, तिथे शिवसेनेच्या लोकाधिकार समितीची माणसं गेली, भरतीची यादी मागितली आणि वडिलांना नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या दिवशी आईने देवासमोर साखर ठेवली, ते मला अजून दिसतं. तुम्ही कोर्टाच्या तारखा सांगा, मी साखरेची वाटी सांगतो.

पद नव्हतं म्हणता. १९९५ ते ९९ राज्य कोणाच्या शब्दावर चाललं ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि २०१२ ला इतमाम कोणी दिला? शिवसेनेने? मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते, काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं सरकार होतं. विरोधकांनी दिलेला मान होता तो.

खर्चाचं म्हणाल तर फैरी झाडणाऱ्या तुकडीला असा किती खर्च येतो? बंदोबस्त इतमामाशिवायही लागलाच असता. मातोश्रीपासून मैदानापर्यंत सकाळी निघालेली यात्रा संध्याकाळी पोचली. मी त्या गर्दीत होतो, पायातली चप्पल कधी गेली ते कळलं नाही.

पार्लेकर

खर्चाचा मुद्दा मी काढलेलाच नाही, पण बंदोबस्त तसाही लागला असता हे मान्य. बाकी तुम्हीच माझं काम सोपं केलंत. राज्य त्यांच्या शब्दावर चालत होतं, पण शपथ घेतली नव्हती आणि विधानसभेत उत्तर द्यायचं नव्हतं. सत्ता पदाशिवाय वापरली आणि मान मात्र पदाचा. हे मला पटत नाही.

निशीकासाई

जपानमध्ये नोकरीला आहे, तोक्योत राहतो, म्हणून लिहितोय. शिंझो आबेंची हत्या ८ जुलै २०२२ ची. घरच्यांनी चार दिवसांत अंत्यविधी उरकला होता. तरी किशिदा सरकारने २२ जुलैला मंत्रिमंडळात ठरवून टाकलं की शासकीय अंत्यविधी होणार. संसदेत मतदान नाही. माजी पंतप्रधानासाठी याआधी असा विधी झाला होता तो थेट १९६७ मध्ये, योशिदांचा. खर्च आधी २५ कोटी येन सांगितला, ओरड झाल्यावर सुरक्षेसकट १६६ कोटींचा अंदाज आला आणि शेवटचा हिशोब १२० कोटींच्या आसपास लागला. बहुतेक जनमत चाचण्यांत निम्म्याहून जास्त लोक विरोधात होते.

विधीच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, मी तिथल्या कुदानशिता स्टेशनला उतरलो. एका बाजूला हातात पांढरी फुलं घेतलेल्यांची रांग, किती किलोमीटर गेली होती ते दिसत नव्हतं. दुसऱ्या बाजूने विरोधाच्या पाट्या घेतलेले लोक. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी पाट्यांच्या बाजूला होती, माझा बॉस फुलांच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकत्र जेवण केलं. आपल्याकडे २०१२ ला पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल प्रश्न विचारला, दुसरीने ती पोस्ट लाइक केली, तर दोघींना अटक झाली. शासकीय अंत्यविधी ठेवा, पण तो नको म्हणायची सोय आधी ठेवा.

जुना_दादरकर

तुम्ही सगळे माणसाबद्दल भांडताय, मैदानाबद्दल कोणी बोलत नाही. शिवाजी पार्क हे खेळाचं मैदान आहे. लोकमान्यांना १९२० मध्ये अग्नी दिला तो चौपाटीवर, या मैदानावर असा मोठा अंत्यविधी झाला तो २०१२ ला. तिथून पायंडा पडला. आधी अंत्यविधीच्या तात्पुरत्या चौथऱ्यावरून महिनाभर ताण, मग स्मारकासाठी महापौर बंगला गेला, मग २०२२ ला लतादीदींचा अंत्यविधी. २०१० मध्ये कोर्टाने मैदान शांतता क्षेत्र ठरवलं. आम्ही रहिवाशांनी त्यासाठी कोर्टाच्या किती पायऱ्या झिजवल्या ते आम्हाला विचारा. वर लाल मातीची धूळ. माझ्या बायकोला दमा आहे, डिसेंबर ते मे आम्ही खिडकी उघडत नाही.

लालबागचा_दत्ता

काका, मैदान तुमच्या खिडकीसाठी नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तिथेच झाल्या. मैदान महाराष्ट्राचं आहे.

जुना_दादरकर

सभा संपली की माणसं घरी जातात. स्मारक घरी जात नाही. आणि मला खिडकी शिकवू नका, माझा जन्म केळुस्कर रोडवरचा. याच मैदानावर आचरेकर सरांच्या नेटमध्ये मी दोन वर्षं मार खाल्लाय.

सरांचं नाव निघालंच आहे तर ऐका. सर २ जानेवारी २०१९ ला गेले. द्रोणाचार्य पुरस्कार, पद्मश्री, सचिनचे गुरू. दुसऱ्या दिवशी पार्थिव मैदानावर आणलं. पोरांनी दोन्ही बाजूंनी बॅटी उंचावून कमान केली होती, सचिनने खांदा दिला. आणि सरकारी मानवंदना? नाही. नंतर मंत्री म्हणाले, समन्वय राहिला नाही. ज्या माणसाने हे मैदान जगाच्या नकाशावर नेलं त्याच्यासाठी सरकारला एक फोन करता आला नाही! मी त्या कमानीपासून दहा फुटांवर होतो. मला आजही संताप येतो.

पार्लेकर

दादरकर, मैदानाबद्दल मी तुमच्या बाजूने नाही, पण हे उदाहरण नेमकं माझ्या मुद्द्याचं आहे. २०१८ ला श्रीदेवी गेल्या, त्याही पद्मश्री. त्यांना तिरंगा मिळाला. माहितीच्या अधिकारात विचारल्यावर उत्तर आलं की मुख्यमंत्री कार्यालयातून तोंडी आदेश होता. एका पद्मश्रीला तोंडी आदेश मिळतो, दुसऱ्यासाठी समन्वय राहात नाही. हे असंच चालणार, कारण सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलंय.

लालबागचा_दत्ता

आचरेकर सरांच्या बाबतीत तुमच्या दोघांशी सहमत. तेव्हा सर्वांत जास्त आवाज शिवसेनेनेच उठवला होता, तेही लिहा.

पार्लेकर

उठवला होता. लिहिलं.

मिरामार

गोंयातून लिहितोय. १८ मार्च २०१९ ला पर्रीकरांना मिरामारला निरोप दिला, भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीशेजारी. माझा त्यांना राजकीय विरोध होता, तरी इतमामाला आक्षेप नव्हता, कारण माणूस खुर्चीवर असताना गेला. पण किनाऱ्यावर पुन्हा स्मारक उभं राहिलं तेव्हा मलाही खटकलं. इतमाम एका दिवसाचा असतो, सिमेंट कायमचं. दादरकरांचं दुखणं मला कळतं.

खाडीकाठ

दत्ताभाऊ, तुमची साखरेची वाटी वाचली. खोटं वाटलं नाही, मुद्दाम सांगते.

आमचं मूळ गाव रत्नागिरी तालुक्यात. घरी कोकणी मराठीच बोलतो. अब्बांचं मुंबईत शिवणाचं दुकान होतं, गल्ल्यावर बसून ते मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. जानेवारी १९९३ मध्ये दुकान जळलं. कोणी जाळलं ते आम्हाला कधीच कळलं नाही, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही. राखेतून अब्बांनी कात्री आणली होती, मूठ वितळलेली. ती अजून आमच्याकडे आहे. आयोग बसला, अहवाल आला, अब्बांनी त्याचा मराठी अनुवाद मिळवून वाचला. कारवाई कधी होणार म्हणून वाट पाहिली.

२०१२ च्या त्या रविवारी घरात टीव्ही चालू होता. मला वाटलं अब्बा बंद करतील, पण केला नाही. गर्दी दाखवत होते तोवर म्हणाले, "लोकांचं दुःख खरं आहे." मग तिरंगा दिसला आणि ते उठून आत गेले. गर्दी ही लोकांची होती, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. झेंडा मात्र त्यांचाही होता, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. वैर संपलं म्हणणाऱ्या पोस्टला माझं एवढंच उत्तर आहे.

लालबागचा_दत्ता

ताई, त्याच दंगलीत जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जळालेलीही माणसंच होती. दोन्हीकडची राख सारखीच.

खाडीकाठ

होय, सारखीच. त्या चाळीतल्या लोकांनाही कोणी विचारलं नाही. मी ती राख नाकारत नाही, तुम्ही माझी नाकारू नका.

राखीव_तुकडी

मंडळी, मी जिल्हा पोलिसांत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बरीच मुख्यालयात. मानवंदनेच्या तुकडीत किती वेळा उभा राहिलो ते मोजलं नाही. तुम्ही ज्यावर भांडताय ते जवळून कसं असतं ते सांगतो.

तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे. 'शोक शस्त्र' म्हटलं की रायफलीचं तोंड जमिनीकडे आणि मान खाली. हवेत फैरी, मग बिगुल. अग्नी देण्याआधी झेंडा काढायचा, तो जळता कामा नये, जमिनीला टेकता कामा नये. वाऱ्यात दोघांनी घडी घालायची म्हणजे हात घट्ट लागतात. घडी घालताना आम्ही माणसाचा पक्ष विचारत नाही, तसं विचारणारा शिपाई मला तुकडीत नको होता. त्यामुळे पार्लेकर, मानवंदना देणाऱ्याच्या मनात सन्मान खराच असतो. तो तुम्ही कमी लेखू नका.

पण एक सांगतो. आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात म्हातारे स्वातंत्र्यसैनिक गेले. नियमाप्रमाणे मानवंदना होती. आमची गाडी वरून मिळाली नाही, कारण त्याच दिवशी एका बड्या पुढाऱ्याच्या घरी लग्न आणि सगळी वाहनं तिकडे. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सकाळपासून पार्थिव अंगणात, बर्फ वितळून चौकटीपर्यंत ओघळ आलेला. जेमतेम चाळीस माणसं. त्यांची म्हातारी बायको मला म्हणाली, "आलात ना बाबा, झालं." मला वर बघता आलं नाही. मोठ्या माणसाला इतमाम तोंडी आदेशाने तासाभरात मिळतो आणि नियमातला माणूस वाट बघत पडतो. म्हणून लेखी पाहिजे हे पार्लेकरांचं मला पटतं. दत्ताने रागावू नये.

लालबागचा_दत्ता

रागावलो नाही, तुमच्या हाताला नमस्कार. नियम लेखी करा, माझी ना नाही. पण नियम केलात तर पद नसलेल्या लोकनेत्यासाठी त्यात जागा ठेवावी लागेल. नाही ठेवलीत तर उद्या जो रस्त्यावर मोठा झाला त्याला काहीच नाही आणि दोन वर्षं उपमंत्री होता त्याला सगळं. बाबासाहेबांना ७ डिसेंबर १९५६ ला दादरला निरोप दिला तो लोकांनी, तेव्हा ते मंत्री नव्हते. त्यांना तुम्ही पदावर मोजणार का?

पार्लेकर

नाही मोजणार. हा मुद्दा तुम्ही जिंकलात, मला आधी सुचला नव्हता. मग अपवादाची जागा ठेवा, पण मंत्रिमंडळाचा ठराव, खाली सह्या, कारण एका परिच्छेदात. बाळासाहेबांसाठी असा परिच्छेद लिहायला घेतला असता तर श्रीकृष्ण अहवालाबद्दल एक तरी ओळ लिहावी लागली असती. ती ओळ लिहून मग इतमाम दिला असता तर मी आज हा धागा काढला नसता. २०१२ बद्दल माझं मत बदललेलं नाही.

लालबागचा_दत्ता

माझंही नाही. १७ तारखेला मी शिवाजी पार्कला स्मृतिस्थळावर असणार, दरवर्षी असतो. समोर येऊन बोला.

पार्लेकर

येतो. स्मृतिस्थळावर नाही येणार. पाच नंबरच्या गेटपाशी आचरेकर सरांचं स्मारक आहे, तिथे भेटू. चार वाजता.

जुना_दादरकर

मी पण येतो. घर समोरच आहे.