मदत हवी आहे: सुतारकामाच्या खोलीत हत्यारं भिंतीवर लावायची आहेत (नाशिक)

हौशी_पटाशी
घरामागच्या खोलीत सुतारकाम सुरू केलंय. टेबलावर, खिडकीत, जमिनीवर, सगळीकडे हत्यारं. गुण्या (काटकोन मापायचा) हवा असला की आधी क्लॅम्प (लाकूड आवळून धरायचे शिकंजे) उपसायचे. आता सगळं भिंतीवर न्यायचंय. पेगबोर्ड (हुक अडकवायचा भोकाभोकांचा बोर्ड) लावू, फ्रेंच क्लीट (एकमेकींत अडकणाऱ्या तिरक्या पट्ट्या) करू की सरळ ब्रॅकेट ठोकून फळ्या टाकू? व्हिडिओ पाहून डोकं गरगरतंय, एक जण म्हणतो हे, दुसरा म्हणतो ते. रविवारी ड्रिलवाला येणार आहे, त्याआधी ठरायला हवं. नाशिकमध्ये काय सहज मिळतं तेही सांगा. 'आधी शोधा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे जावं, शोधूनच आलोय.

गोदाकाठचा
भिंत कसली आहे? वीट, फ्लाय अॅशची (राखेची) वीट, सिपोरेक्स (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक) की काँक्रीट? जाडी चार इंची की सहा इंची? सगळ्यात जड काय टांगायचंय?

हौशी_पटाशी
भिंत म्हणजे भिंत हो. प्लास्टर आहे, रंग मारलाय. खोली १० बाय १२. सामान नेहमीचंच.

खटपट्या
फ्रेंच क्लीट. डोळे झाकून. १८ एमएम प्लायच्या चार-चार इंची पट्ट्या काढायच्या, एका कडेला ४५ अंशाचा कट. भिंतीवरच्या पट्टीचा उतार भिंतीकडे, म्हणजे मागे खाच तयार होते. टांगायच्या वस्तूमागे तसलीच पट्टी उलटी लावली की ती खाचेत बसते. आज रंधे डावीकडे, उद्या उजवीकडे, नवं भोक पाडायला नको. ८ बाय ४ च्या एका शीटमधून अकरा पट्ट्या निघतात. हातातल्या सर्क्युलर सॉचा तळ ४५ ला तिरका होतो, टेबल सॉ नसला तरी अडत नाही. फक्त शीटला सरळ गाइड बांधा.

केतकी_एन
क्लीट दिसायला छान, पण पटाशीला एक होल्डर, करवतीला दुसरा, कानशीला तिसरा. आधी होल्डर बनवण्यात महिने जातात, मग सुतारकाम. पेगबोर्ड आणा, हुक अडकवा, संध्याकाळी कामाला लागा. मी पत्र्याचा वापरते. हार्डबोर्डचा घेऊ नका, पावसाळ्यात फुगतो आणि भोकं सैल होतात. मागे पाऊण इंचाची पट्टी देऊन बोर्ड भिंतीपासून उचला, नाहीतर हुक आत जाणारच नाही.

खटपट्या
पेगबोर्डवर पाना काढायला गेलं की पान्याबरोबर हुकही हातात येतो. अनुभव आहे.

केतकी_एन
हुकाला खालून क्लिप लावायची असते. तीही अनुभवानेच कळते.

पंचवटीकर_काका
आमच्या जुन्या वाड्यात भिंतीतच सागाच्या खुंट्या होत्या आणि शेजारी कोनाडे. बांधतानाच बसवलेल्या. वाकस, गिरमीट, करवत सगळं त्यावर. वाडा पाडला तेव्हा तुळया ट्रकने गेल्या, कुठे गेल्या देव जाणे. आता ते सागवान बघायलाही मिळत नाही.

गोदाकाठचा
काका, धागा भिंतीचा आहे. पटाशी, तुम्ही अजून भिंत सांगितली नाहीत. कोपऱ्यात बारीक बिट घालून थोडं ड्रिल करा आणि पूड बघा. लाल असेल तर वीट. करडी, खरखरीत आणि बिट अडत असेल तर काँक्रीट किंवा फ्लाय अॅश. पांढरट, आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर सिपोरेक्स. सुरुवातीचे १२-१५ एमएम प्लास्टरचे असतात, ते मोजू नका.

दक्षिणमुख
वास्तुशास्त्राप्रमाणे जड सामान नेहमी नैऋत्येच्या भिंतीवर असावं. धारदार वस्तू दारासमोर नकोत.

हौशी_पटाशी
केलं. पांढरी पूड. ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) न लावताच बिट आत गेला. जड म्हणजे राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन), ग्राइंडर, दोन लोखंडी रंधे आणि लांब पाइप क्लॅम्प. आणि हो, रो-हाउस आहे, ही भिंत शेजाऱ्यांबरोबर सामायिक आहे. पावसाळ्यात खालून दीड-दोन फूट ओल येते. पण तो वेगळा विषय.

गोदाकाठचा
तो वेगळा विषय नाही, तोच विषय आहे! हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

मिस्त्री_सिडको
सिपोरेक्समध्ये स्क्रूसाठीची साधी गिट्टी (प्लग) ठोकू नका. आज घट्ट वाटते, वजन पडून हलायला लागली की भोक मोठं होत जातं. सिपोरेक्ससाठी लांब नायलॉन प्लग वेगळे मिळतात, ६० एमएमच्या पुढचे घ्या. भोक पाडताना हॅमर बंद, नुसतं फिरवायचं. त्याहून जड असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, कन्सील्ड (भिंतीत बुजवलेल्या) वायरी तिथूनच जातात. ड्रिलवाल्याला हे सांगावं लागतं, तो विचारत नाही.

खटपट्या
म्हणूनच क्लीट. वजन पट्टीच्या सगळ्या स्क्रूंमध्ये वाटलं जातं.

गोदाकाठचा
खाली जाणारा भार वाटला जातो, वरच्या स्क्रूला बाहेर खेचणारी ओढ उरतेच. हिशेब करा. ३० सेंमी खोल कपाटात २० किलो माल, वजनाचा मध्य भिंतीपासून १५ सेंमीवर. कपाट १५ सेंमी उंच असेल तर वरच्या पट्टीवर भिंतीतून उपटणारी ओढ २० किलोचीच पडते. तेच कपाट ३० सेंमी उंच केलं की ओढ १० किलोवर येते. म्हणून बुटकी आणि खोल खोकी सिपोरेक्सवर टांगू नयेत. उंच आणि उथळ करा. खाली पट्टीच्याच जाडीचा ठोकळा द्यायला विसरू नका, नाहीतर खोकं आत झुकतं.

केतकी_एन
मग फ्रेंच क्लीटला इतकं काय डोक्यावर घेताय? पेगबोर्ड भिंतीपासून जेमतेम पाऊण इंचावर असतो, ओढ कमी.

खटपट्या
राउटर लावून बघा पेगबोर्डला. फोटो टाका मग.

रंधा_रंधा
मुद्दा भिंतीवरून भार काढायचा आहे. पटाशी, टांगू नका, उभं करा. ३ बाय २ इंचांचे लाकडी तीन खांब जमिनीपासून थेट वरच्या बीमपर्यंत. त्यावर १२ एमएम प्लाय आणि प्लायवर खटपट्यांच्या पट्ट्या. वजन सगळं फरशीवर जातं. फक्त वरच्या टोकाला बीममध्ये अँकर, ते काँक्रीट आहे, तिथे हॅमर बिनधास्त. मधल्या सिपोरेक्सला हात लावायचा नाही. खांब आणि भिंतीत इंचभर फट ठेवा, हवा खेळेल, ओल प्लायला लागणार नाही. खांबाखाली रबराचे तुकडे. आणि प्लाय खालून दोन फूट सोडूनच सुरू करा, तिथे तसाही ओलाव्याचा पट्टा आहे.
मी पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन वापरलं, सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागात भंगारवाल्यांकडे मिळतं. खिळे शोधून काढा, एक राहिला तरी ब्लेड गेलं.

मिस्त्री_सिडको
हे बरोबर. शेजाऱ्यांच्या भिंतीला भोकंही नाहीत. रो-हाउसमध्ये त्यावरून भांडणं मी पाहिलीत.

हौशी_पटाशी
आवाज पण कमी जाईल ना पलीकडे? त्यांचा टीव्ही त्याच भिंतीवर आहे.

रंधा_रंधा
टांगलेल्या हत्यारांचा आवाज होत नाही. ग्राइंडर टेबलावर चालणार, त्याचं वेगळं बघा.

नवा_नाशिककर
विषय निघालाय म्हणून विचारतो, पॉलिशचा वास खोलीतून जायला एक्झॉस्ट किती इंची घ्यावा?

पंचवटीकर_काका
पावसाळ्यात रंध्याच्या पात्यावर मशीन ऑइलचा हात फिरवा. इगतपुरीकडच्यांना विचारा, तिथे गंज किती लवकर चढतो. त्या मानाने आपल्याकडे बरं.

केतकी_एन
काकांचं खरं आहे. आणि पटाश्या चुंबकाच्या पट्टीवर ठेवू नका. काढताना धार घासते, हात निसटला तर बोटही.

हौशी_पटाशी
ठीक आहे. तीन खांब, प्लाय ७ फूट उंचीपर्यंत, क्लीट आठ-आठ इंचांच्या अंतरावर. राउटर, ग्राइंडर, रंधे कंबरेच्या उंचीला, पाइप क्लॅम्प कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या कॉलमवर. ड्रिलवाल्याला फक्त बीम आणि कॉलमची कामं. केतकीताई, पाने-पेचकसांसाठी तुमचा पत्र्याचा पेगबोर्ड त्याच प्लायवर लावतो.

खटपट्या
पेगबोर्डमागे एक क्लीट लावा, तोही हलवता येईल.

केतकी_एन
नाही सोडणार हा माणूस.

नवा_नाशिककर
एक्झॉस्टचं कोणी सांगेल का?