मदत हवी आहे: रेडिओ बातमीपत्राच्या गटकार्याला वैयक्तिक गुण कसे द्यावेत?

सह्याद्रीसावली (शुक्रवार, सकाळ)
नमस्कार. सोमवारी दुपारपर्यंत अंतर्गत गुण भरायचे आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते. पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाचे चार गट केले होते आणि प्रत्येक गटाने दहा मिनिटांचे रेडिओ बातमीपत्र तयार करून दिले आहे. तिसऱ्या गटाचे बातमीपत्र सर्वांत चांगले झाले आहे. त्यातल्या चारा छावणीच्या बातमीत आधी जनावरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, मग वृत्तांत सुरू होतो आणि तेवढ्या चार-पाच सेकंदांत छावणी डोळ्यांसमोर उभी राहते. मात्र काल याच गटातल्या दोन मुली येऊन म्हणाल्या की सहापैकी एका मुलाने काहीही केलेले नाही आणि सर्वांना सारखे गुण दिले तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. सारखे गुण द्यावेत की वेगवेगळे? वेगवेगळे द्यायचे तर कशाच्या आधारावर? हे आधी ठरवायला हवे होते, याची मला पूर्ण जाणीव आहे. कृपया तेवढेच सांगू नये.

टिपणवही
मॅडम, माहिती अपुरी आहे. एकूण गुण किती? विद्यार्थ्यांना आधी काय सांगितले होते? मूळ ध्वनिमुद्रणे आपल्याकडे आहेत, की केवळ संकलित बातमीपत्र आहे? कामाची वाटणी कोठे लिहून ठेवली होती का? याची उत्तरे मिळाल्याखेरीज कोणाचाही सल्ला उपयोगाचा ठरणार नाही.

निवृत्त_निवेदक
मी अनेक वर्षे आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम केले आहे. माझ्या मते बातमीपत्राची खरी परीक्षा माइकसमोरच होते. 'चार' मधला च वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा. 'चारा छावणी' चा उच्चार 'चार' सारखा झाला की ऐकणारा अडखळतो. कांद्याचा भाव १८५० असेल तर 'अठराशे पन्नास' असे वाचावे, कारण बाजार समितीत शेतकरी तसेच म्हणतो. प्रत्येकाला एकेक परिच्छेद वाचायला लावा, उच्चारांना निम्मे गुण ठेवा, म्हणजे कोणी किती कष्ट घेतले ते लगेच कळेल.

सह्याद्रीसावली
एकूण गुण ३० आहेत. 'गटाचे काम पाहून गुण दिले जातील' एवढेच सांगितले होते. माझ्याकडे संकलित ध्वनिफीत आणि टंकलिखित संहिता आहे. पहिल्या पानावर जबाबदाऱ्या लिहायला सांगितल्या होत्या, तेथे चारही गटांनी 'सर्वांनी मिळून' असे लिहिले आहे. उच्चारांविषयी मी विचारलेले नाही.

माणदेशी
निवेदकसाहेबांच्या अनुभवाविषयी आदर आहे, पण हा सल्ला मला मान्य नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण भाषा बोलली जाते, त्या घरातल्या मुलाला हे निम्मे गुण जन्मतःच मिळालेले असतात. छावणीवर जाऊन शेतकऱ्याला बोलते करणाऱ्या मुलीच्या बोलण्यात ण च्या जागी न आला म्हणून तिचे गुण कापणे मला योग्य वाटत नाही. बातमी एकदा ऐकून समजली का, आकडा कानावर नीट पडला का, एवढेच तपासावे.

निवृत्त_निवेदक
बोलीला कमी लेखण्याचा माझा हेतू नव्हता. छावणीतल्या माणसाची मुलाखत त्याच्याच बोलीत शोभते. वृत्तनिवेदनाला मात्र शिस्त हवी, या मतावर मी ठाम आहे. निम्मे गुण जास्त होतात, हे मान्य करतो.

गुणाकार
मूळ प्रश्नाकडे वळू या. मी अभियांत्रिकीच्या प्रकल्पांसाठी एक पद्धत वापरतो. सहा जणांच्या गटात प्रत्येकाने गुप्तपणे ५० गुण इतर पाच जणांत वाटायचे, स्वतःला द्यायचे नाहीत. म्हणजे प्रत्येकाला सरासरी ५० मिळतात. गटाला ३० पैकी २४ मिळाले असतील आणि एखाद्याला सहकाऱ्यांकडून ४० मिळाले असतील, तर त्याचा गुणक ०.८ येतो. हा गुणक सगळ्या गुणांना न लावता निम्म्यांना लावावा: १२ कायम आणि १२ चे ९.६, असे २१.६ होतात. फरक पडतो, पण कोणाचे वर्ष वाया जात नाही.

कृष्णाकाठ
गणित बरोबर आहे, पण या प्रकरणात मी ते वापरणार नाही. दोघींनी आधीच तक्रार केली आहे. आता चिठ्ठ्या वाटल्या तर त्या मुलाच्या विरोधात पाच जणांचे मत पडेल आणि ते का पडले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. फ्रान्समधले रिंगेलमान यांचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढली की प्रत्येकाची ओढ कमी होते, असे त्यांना दिसले. परंतु त्याचे कारण त्यांनी मुख्यतः आळशीपणात न शोधता सर्वांचा जोर एकाच क्षणी न लागण्यात शोधले होते. एखाद्याचे काम दिसत नाही, याचा अर्थ त्याने ते केलेच नाही असा होत नाही.

माझा सल्ला असा की उद्या प्रत्येकाला एकट्याने पाच मिनिटे बोलवा. २४ विद्यार्थी म्हणजे दोन तास. मोबाइलमधली मूळ ध्वनिमुद्रणे आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमधली फाइल सोबत आणायला सांगा. 'या मुलाखतीतले कोणते वाक्य गाळले आणि का?', 'ही बातमी तिसऱ्या क्रमांकावर का घेतली?', 'हा आकडा कोणाकडून पडताळला?' असे विचारा. ज्याने काम केले आहे, त्याला उत्तर पाठ करावे लागत नाही. गटाचे काम पाहून गुण देण्याचा शब्दही यात मोडत नाही, कारण पाहणे अधिक बारकाईने होते इतकेच.

ध्वनिलहरी
एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. हे बातमीपत्र सामुदायिक रेडिओवर लावता येणार नाही. २००६ च्या धोरणात अशा केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम प्रसारित करण्यास मनाई होती. नंतर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देण्याची मुभा मिळाली. स्वतःचे बातमीपत्र आजही देता येत नाही.

सह्याद्रीसावली
आम्ही ते कोठेही प्रसारित करणार नाही. हा केवळ वर्गातला प्रकल्प आहे.

ध्वनिलहरी
तरीही पुढच्या वर्षासाठी सांगतो. वाहतूक, हवामान, परीक्षा, पाणी आणि वीजपुरवठा ही स्थानिक माहिती बातम्यांत धरली जात नाही. विषय त्यातला ठेवलात तर मुलांचे काम खरोखर गावाच्या कानावर जाऊ शकते.

टिपणवही
हे वेगळ्या धाग्यावर बोलू या. मॅडम, शनिवारी तोंडी परीक्षा घेतलीत तर काय झाले, ते अवश्य लिहा.

सह्याद्रीसावली (रविवार, सकाळ)
कृष्णाकाठ यांच्या सूचनेप्रमाणे काल सर्वांना बोलावले. ज्याच्याविषयी तक्रार होती, त्या मुलाने मोबाइलमधले बावीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण लावले. तो पहाटे साडेपाचला छावणीवर गेला होता, कारण दिवस वर आल्यावर ट्रॅक्टरच्या आवाजात घंटा ऐकू येत नाहीत, हे त्याला घरच्या अनुभवाने ठाऊक होते. ज्या घंटांचे मी पहिल्याच परिच्छेदात कौतुक केले, त्या त्याने टिपलेल्या आहेत. त्याने ते ध्वनिमुद्रण गटाला पाठवले, मात्र नंतर संकलनाच्या तिन्ही बैठकांना तो आला नाही आणि निरोपांना उत्तरेही दिली नाहीत. म्हणजे मुलींची तक्रार खोटी नव्हती, अपुरी होती. बातमीपत्रात जिचा आवाजही नाही, त्या मुलीने रात्री जागून सगळे संकलन केले होते. एका वाक्यानंतरचा श्वास का ठेवला आणि दुसऱ्यानंतरचा का कापला, हे तिने मला वाजवून दाखवले. गटाला २० पैकी आणि तोंडी परीक्षेला १० पैकी गुण, असे ठरवून ते वर्गाला सांगितले आहे.

आता अडचण चौथ्या गटाची आहे. सहाही जणांनी शब्दशः एकच उत्तर दिले आणि मूळ ध्वनिमुद्रणे पुसली असल्याचे सांगितले. त्यांच्या त्या १० गुणांचे काय करावे?

कृष्णाकाठ
त्यांना शून्य देऊ नये, कारण ध्वनिमुद्रणे जपून ठेवण्याची सूचना त्यांना आधी मिळालेली नव्हती. वर्तमानपत्रातली सहा वेगवेगळी कात्रणे द्या आणि प्रत्येकाला आपल्यासमोर बसून त्याची एका मिनिटाची रेडिओ बातमी लिहायला सांगा. छापील बातमीतले लांबलचक पहिले वाक्य कोण फोडतो आणि आकडे कोण ढोबळ करून सांगतो, यावरून अंदाज येईल.

निवृत्त_निवेदक
लिहून झाल्यावर घड्याळ लावून वाचायलाही सांगा. उच्चारांचे गुण नकोत, फक्त एका मिनिटात मावते का ते पाहा.

सह्याद्रीसावली
दोन्ही सूचना स्वीकारते. सहा कात्रणे आताच काढून ठेवली आहेत आणि त्या गटाला उद्या सकाळी साडेनऊला बोलावले आहे.