सेफ्टी शूजची लोखंडी टोपी बोटं वाचवते की कापते?

फिटर_जळगाव
जळगाव एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये 16 वर्षं झाली. गेल्या बुधवारी ड्रिलच्या टेबलावरून 18 किलोची फ्लँज (पाइप जोडायची लोखंडी चकती) सटकली आणि थेट माझ्या उजव्या पायावर आली. बूट काढला तर पुढचं चामडं फाटून आतली टोपी उघडी पडलेली, तिच्यावर बोटाच्या पेराएवढा खड्डा. अंगठ्याचं नख निळं झालं, बस. तरी शेडमधली निम्मी पोरं म्हणतात, "टोपी दबली की तिच्या कडेनं बोटंच तुटतात, त्यापेक्षा साधा बूट बरा." हे ऐकून जीव जळतो, कारण ही पोरं कटिंगला स्लीपर घालून उभी राहतात.

टोपीची परीक्षा 200 जूलची असते. म्हणजे 20 किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून टाकायचं. त्यानंतरही 8 नंबरच्या बुटात टोपीखाली 14 मिलिमीटरच्या आसपास जागा उरली पाहिजे. माझी फ्लँज कमरेच्या उंचीवरून पडली, तो मार 160 जूलच्या आतबाहेर. साध्या बुटात बोटांचा भुगा झाला असता. तुमचे अनुभव सांगा.

चेनपुली_धुळे
भाऊ, तुमची बोटं वाचली याचा आनंद आहे. पण 18 किलोवरून सगळं ठरवू नका. आमच्याकडे अर्ध्या टनाचे जॉब, म्हणजे कामाचे लोखंडी तुकडे, चेनपुलीवर टांगलेले असतात. तो फूटभर उंचीवरून सुटला तरी 1400 जूलच्या पुढे जातो, परीक्षेच्या सातपट. तिथे टोपी चेपणारच. पोरांची भीती अगदीच खोटी नाही.

फिटर_जळगाव
चेपेल, मान्य. पण अर्धा टन उघड्या पायावर पडल्यावर काय उरतं ते सांगा. ज्या माराला टोपी दबते, त्या माराला टोपीशिवाय बोटं आधीच गेलेली असतात. दोष टोपीचा नाही.

केळी_रावेर
गाडी भरणाऱ्यांचं कोणी बोलतच नाही भो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हात बंद बूट घालून दिवसभर घड वाहून दाखवा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी सोलते. आमची माणसं 11 वाजता बूट काढून गाडीखाली ठेवतात. काढलेला बूट कोणाचा पाय वाचवणार? आणि घड पडला तर बोटांवर नाही, पायाच्या पाठीवर पडतो. तिथे टोपी असतेच कुठे?

दीपनगर_निवृत्त
केळीवाल्या भाऊंचं पायाच्या पाठीचं म्हणणं शंभर टक्के खरं. टोपी फक्त बोटांपुरती. वरच्या हाडांसाठी वेगळं कवच लावलेला बूट मिळतो, त्याला मेटाटार्सल गार्ड म्हणतात. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो.

उन्हाचं मात्र सगळं खापर लोखंडावर फोडू नका. पाय उकडतो तो बंद चामड्यानं आणि जाड सोलनं. फायबरच्या टोपीचे बूट हलके असतात, टोपी तापत नाही, आणि 200 जूलची परीक्षा त्यांनाही तीच. सुती मोज्यांचे दोन जोड ठेवा, दुपारी बदला. मी प्लांटमध्ये 31 उन्हाळे असेच काढले.

फिटर भाऊ, तुम्हाला एकच विचारतो. मार खाल्लेला तो बूट अजून पायात आहे का? टोपी एकदा दबली की दुसऱ्या माराला तिचा भरवसा नाही, वरून चामडं शिवून घेतलं तरी. तो आजच टाका.

ठेक्यावरचा_भुसावळ
बूट चांगला की वाईट हे नंतर. आधी मिळतो तो सेफ्टी शू असतो का ते बघा. आम्हाला ठेकेदारानं दिलेल्या जोडावर बाहेर "सेफ्टी" छापलेलं. मी टोक दोन बोटांत धरून दाबलं, तर पुठ्ठ्यासारखं आत गेलं. आतल्या शिक्क्यावर आयएस 15298 (अशा बुटांचं भारतीय मानक) भाग 4 होतं. भाग 4 म्हणजे बिनटोपीचा कामाचा बूट. 200 जूलवाला भाग 2 असतो, भाग 3 ला 100 जूलच. वर पगारातून बुटाचे पैसे कापले. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कलम 114 होतं, अशा वस्तूंचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत म्हणून. ते दाखवलं तर म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

चेनपुली_धुळे
हे वाचून माझाच बूट काढून बघितला. भाग 3 निघाला. टोपी आहे, पण निम्म्या माराची. पाच वर्षं याच भरवशावर चेनपुलीखाली उभा राहतोय.

फिटर_जळगाव
दीपनगर भाऊ, खरं सांगतो, तोच बूट आजही पायात होता. फाटलेलं चामडं मोच्याकडून शिवून आणलं होतं. आता काढून ठेवलाय. उद्या शेडमध्ये तो कापून टोपीचा खड्डा पोरांना हातात देऊन दाखवतो, आणि सगळ्यांच्या बुटांचे शिक्के वाचतो. ज्याच्यावर भाग 4 निघेल त्याचा नंबर लिहून मालकाकडे नवीन जोड मागणार.