उन्हाळ्यात मुलांसोबत गाडीने जंगल आणि तलाव: काय बघून घ्यावं?

प्रश्न: मुलं ४ आणि ९ वर्षांची. सहा तासांचा रस्ता, शेवटी वळणंच वळणं. मोठ्याला गाडी लागते. मुक्काम तलावाकाठी. तयारी काय करावी?

प्रतिसाद १: कान सांगतात हलतोय, डोळे सांगतात स्थिर आहोत, त्या गोंधळात मळमळतं. म्हणून मोबाईल-पुस्तक बंद, नजर समोर लांबवर. मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा असेल तर त्याला तिथे बसवा, रस्ता दिसतो. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. गोळी डॉक्टरांना विचारून, तीही निघण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. दर दोन तासांनी थांबा.

प्रतिसाद २: टायरची हवा थंड असतानाच तपासा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असेल तर तोच धरा. तापल्यावर वाढलेली हवा काढू नका. आणि उन्हात उभ्या गाडीत मुलांना पाच मिनिटंही ठेवायचं नाही, काच खाली असली तरी.

प्रतिसाद ३: हवेची रिंग म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे! जॅकेट वजनानुसार घ्या, लहान्यासाठी पायांमधून जाणारा पट्टा हवाच. घालून जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचला. हनुवटीपर्यंत सरकलं तर मोठं आहे. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, त्यामुळे धाकट्यापासून हातभरच अंतर.

प्रश्नकर्ता: आणि गोचीड?

प्रतिसाद १: चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल, पेटती काडी काही नको.