अग्निवीरांची पहिली तुकडी परत येते आहे: पेन्शन नाही हे ठीक, पण ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही?

कोपरखैरणेकर

२०२२ च्या अखेरीस प्रशिक्षण केंद्रांत दाखल झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या शेवटी भरतात. नियमाप्रमाणे त्यांतले फार तर २५ टक्के कायम होतील. उरलेले १० लाख ४ हजारांचा सेवानिधी, त्यावरचे व्याज आणि एक कौशल्य प्रमाणपत्र घेऊन घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, आणि सरकारी कागदावर ते ‘माजी सैनिक’ही नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकतो. चार वर्षांच्या नोकरीवर आजन्म पेन्शन मागणे मला पटत नाही, परंतु पेन्शनचा खर्च वाढतो असे सांगून दर्जा आणि औषधोपचार या दोन गोष्टीही नाकारणे त्याहून पटत नाही.

कोपरखैरणे आणि घणसोली भागांत माथाडी कामगारांची वस्ती मोठी आहे आणि त्यांतली बरीच घरे मूळची सातारा जिल्ह्यातली. एक मुलगा बाजार समितीत बापाच्या टोळीत आणि दुसरा पलटणीत, अशी वाटणी या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. (लग्नाच्या बाजारात दुसऱ्याचा भाव जास्त असे, आणि त्याचे कारण शौर्य नव्हे तर पेन्शन, हे मुलीच्या बापाला विचारून पाहावे.) माझ्या चुलतभावाचा मुलगा अग्निवीर आहे. त्याची पहिल्या वर्षाची वेतनपावती मी पाहिली होती. ३०,००० रुपयांतून ९,००० सेवानिधीसाठी कापले जातात आणि हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० हातात पडतात. चार वर्षांत त्याच्याकडून कापलेले ५ लाख २ हजार आणि सरकारने घातलेले तेवढेच, असा हा सेवानिधी आहे. म्हणजे ज्याला आपण सरकारी देणगी समजतो त्यातला अर्धा पैसा त्याचाच आहे.

आता खर्चाच्या मुद्द्याकडे येतो. जुन्या पद्धतीने २०२२ साली भरती झालेल्या शिपायाला पेन्शनला पात्र होण्यासाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते, म्हणजे तो २०३७ च्या आधी पेन्शनवर गेलाच नसता. तोपर्यंत निवृत्तिवेतनाचा जो खर्च दिसेल तो आधीच भरती झालेल्यांचा आहे आणि अग्निपथ म्हणजे या चार वर्षांच्या भरती योजनेमुळे त्यात एक रुपयाही घटणार नाही. ही बचत १५ वर्षांनंतरची आहे. आजच्या मुलाला आरोग्य योजना नाकारून तिच्यात कोणती भर पडते, हे कोणी समजावून सांगावे.

पेन्शन नसतानाही दर्जा आणि उपचार देण्याचा दाखला आपल्याकडे आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवरचे अधिकारी दहा-चौदा वर्षांनी पेन्शनशिवाय बाहेर पडतात, आणि २०१९ च्या मार्चमध्ये सरकारने त्यांना ईसीएचएसची दारे उघडली. अधिकाऱ्याला जे देता येते ते जवानाला का देता येत नाही?

आकडेमोड (घोडबंदर रोड)

कोपरखैरणेकर साहेब, २०३७ पर्यंत बचत नाही हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि नेमके त्याच कारणाने हा निर्णय २०२२ साली घ्यावा लागला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला मिळालेल्या ६ लाख ८१ हजार कोटींपैकी १ लाख ६० हजार कोटींहून अधिक रक्कम निवृत्तिवेतनाची आहे. ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ १ जुलै २०१४ पासून लागू झाली आणि तिच्यात दर पाच वर्षांनी फेरआढावा बसवला आहे. २०१९ आणि २०२४ असे दोन फेरआढावे झाले आणि प्रत्येक वेळी पाया वर सरकला. मला त्याबद्दल आकस नाही. १९७३ साली तिसऱ्या वेतन आयोगानंतर जवानांची पेन्शन ७० टक्क्यांवरून खाली आणली गेली तो अन्यायच होता, आणि तो दुरुस्त व्हायला चार दशके आणि २०१५ चे जंतरमंतरवरचे आंदोलन लागले. परंतु दुरुस्तीची किंमत कोणाला तरी चुकती करावीच लागते, आणि ती तोफा व पाणबुड्यांच्या तरतुदीतून चुकती होत असेल तर ते सैन्याच्याही हिताचे नाही.

ग्रॅच्युइटीचे भावनिक भांडवल केले जाते म्हणून तिचा साधा हिशेब मांडतो. कारखान्याच्या सूत्राने चौथ्या वर्षीचे ४०,००० रुपये धरले, त्यांना १५ भागिले २६ ने आणि मग चार वर्षांनी गुणले, तर सुमारे ९२ हजार होतात. सेवानिधीत सरकार ५ लाख २ हजार घालते. कोणता सौदा बरा?

जवानांची सेवा कमी करावी ही कल्पनाही काल उगवलेली नाही. कारगिल युद्धानंतरच्या आढावा समितीने सैन्य तरुण ठेवण्यासाठी हेच सुचवले होते.

निवृत्त सुभेदार, कळवा

आकडेमोड साहेबांनी समितीचे अर्धेच वाक्य सांगितले. कारगिल आढावा समितीने सतरा वर्षांची कलर सर्व्हिस म्हणजे पलटणीतली प्रत्यक्ष सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी असे म्हटले होते, आणि त्यानंतर त्या जवानाला निमलष्करी दलांत सामावून घ्यावे असेही म्हटले होते. सातचे चार झाले. सामावून घेण्याचे २०२२ साली १० टक्के आरक्षण झाले. सल्ला असा सोयीने वापरायचा असेल तर समिती नेमायचीच कशाला?

मी इन्फन्ट्रीत होतो, त्यामुळे मला पैशापेक्षा पलटणीची काळजी अधिक आहे. जवान म्हणजे नुसते तरुण पाय नव्हेत. चौथ्या वर्षी जो मुलगा मॉर्टरवर खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागतो, त्याच वर्षी त्याच्या डोक्यात कायम होण्याची स्पर्धा सुरू होते. आमच्या वेळी सेक्शनमधला बडी म्हणजे जोडीदार हा माझ्या जागेचा दावेदार नव्हता. रजेचेही पाहा. नियमित जवानाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस किरकोळ रजा मिळते, तर अग्निवीराला वर्षाला तीस दिवस. एकाच चौकीवर एकच बर्फ झेलणाऱ्या दोघांत हा भेद दररोज डोळ्यांसमोर असतो.

कोपरखैरणेकर, आपण दर्जा आणि उपचार मागता आणि चार वर्षांची मुदत मान्य करता, तिथे मी आपल्याबरोबर नाही. कायम होणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर नेले आणि मुदत सात वर्षे केली, तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तसे होणार नसेल तर आपली मागणी मलमपट्टी आहे.

ऐरोलीकर ताई

मी एका खासगी कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते आणि माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. माझा विरोध थेट दर्जाच्या मागणीलाच आहे.

महाराष्ट्रात वर्ग क च्या पदांमध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. माझ्या वडिलांना चाळिशीत दुसरी नोकरी मिळाली ती याच वाटेने, आणि आम्हा दोघी बहिणींची शिक्षणे तिच्यावर झाली. पहिल्या वर्षी ४६ हजार अग्निवीरांची भरती जाहीर झाली होती. त्यांतले तीन चतुर्थांश म्हणजे साडेचौतीस हजार देशभर बाहेर पडतील आणि पुढे दर वर्षी नवी तुकडी येत राहील. एवढ्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना तोच दर्जा दिला, तर लेखी परीक्षेत आणि मैदानावर ती मुले अडतीस वर्षांच्या नायकाला सहज मागे टाकतील. त्या नायकाला पेन्शन आहे हे खरे, पण मुलांच्या शाळा-कॉलेजचा खर्चही नेमका त्याच वयात उभा असतो. जागा वाढवायची तयारी नसताना वाटेकरी वाढवणे हा न्याय नव्हे.

शिवाय आमच्या क्षेत्रात ‘सैन्यातून आलेले उमेदवार हवेत’ असे सगळे म्हणतात आणि प्रत्यक्षात त्यांना फाटकावर उभे करतात. दर्जाच्या कागदाने ते बदलणार नाही. ठाण्यात साकेतच्या मैदानावर पोलीस भरतीला येणारी मुले हे ओळखून आहेत. ती १६०० मीटर धावण्याचा सराव एकच करतात, पण अर्ज पोलीस आणि सैन्य अशा दोन्हीकडे भरतात, आणि निवड दोन्हीकडे झाली तर घरचे पोलिसांत जा म्हणतात.

कोपरखैरणेकर

ताई, आपला आक्षेप आजवर ऐकलेल्या सर्वांत वजनदार आहे. त्यावर माझे उत्तर असे की दर्जा एक असला तरी आरक्षणाचा हिस्सा वेगळा ठेवता येतो. अग्निवीरांचा कोटा स्वतंत्र असावा आणि १५ टक्क्यांना हात लावू नये. मला दर्जा नोकरीच्या रांगेसाठी नको आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारात त्याला ‘तुम्ही आमच्या यादीत नाही’ असे ऐकावे लागू नये, यासाठी हवा आहे.

आकडेमोड साहेब, ९२ हजारांचा हिशेब अचूक आहे पण तो गैरलागू आहे. केंद्रीय नोकऱ्यांसाठीच्या १९७९ च्या नियमांत माजी सैनिकाची जी व्याख्या आहे, तिच्यात पेन्शन न मिळालेला पण ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेला सैनिकही बसतो. शॉर्ट सर्व्हिसचा अधिकारी याच कलमातून आत येतो. अग्निवीराने मुदत पूर्ण केली तरी ग्रॅच्युइटी नसल्याने तो व्याख्येबाहेर राहतो. तेव्हा प्रश्न ९२ हजारांचा नाही. ग्रॅच्युइटी म्हणून एक रुपया दिला असता तरी हे दार उघडले असते, आणि ते बंद राहावे अशीच योजनेची आखणी दिसते. महापे-रबाळ्याच्या कारखान्यात ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगारालाही नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, याची इथे आठवण देतो.

आकडेमोड (घोडबंदर रोड)

व्याख्येचा मुद्दा मान्य. तरीही मी म्हणेन की ती आखणी जाणूनबुजून केली असेल तर ती लपवलेली नाही. भरतीच्या जाहिरातीत सर्व अटी लिहिलेल्या होत्या आणि मुलांनी त्या वाचून सही केली. अटी ठाऊक असलेल्या करारात चार वर्षांनी बदल मागायचे, आणि एकदा दर्जा मिळाला की पुढची पायरी पेन्शनची, हा आपल्याकडचा अनुभव आहे. केंद्राने २००४ साली मुलकी नोकरांची जुनी पेन्शन बंद केली आणि राज्याने नोव्हेंबर २००५ पासून. तो वाद अजून संपला नाही आणि शेवटी एप्रिल २०२५ पासून केंद्राला खात्रीच्या पेन्शनची नवी योजना आणावी लागली.

उपचारापुरते बोलायचे तर मी एक पाऊल पुढे येतो. सेवेमुळे झालेल्या आजारावर उपचार मिळावेत, त्यासाठी सेवानिधीतून एकरकमी वर्गणी कापावी. सर्दी-पडशापासून सासू-सासऱ्यांपर्यंत सर्वांना ईसीएचएस नको. त्या दवाखान्यांतल्या आजच्या रांगा पाहिलेला माणूस ही मागणी करणार नाही.

निवृत्त सुभेदार, कळवा

सासू-सासरे आजही त्या योजनेत नाहीत, साहेब. जवानाचे आईवडील असतात, तेही अवलंबून असले तर.

‘सेवेमुळे झालेला आजार’ हे लिहायला सोपे आहे. सेवेत अपंगत्व आले तर अग्निवीराला टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख एकदाच मिळतात. नियमित जवानाला महिन्याच्या महिन्याला पेन्शनमध्ये अपंगत्वाचा हिस्सा मिळतो. वीरमरणाचेही तसेच. नियमित जवान शत्रूशी लढताना गेला तर त्याच्या पत्नीला त्याच्या शेवटच्या पूर्ण पगाराइतकी पेन्शन मिळते, आणि अग्निवीराच्या घरी ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे अनुदान व इतर एकरकमी पैसे येतात. रक्कम मोठी दिसते, पण ती वाढत्या महागाईबरोबर वाढत नाही. बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला ती किती काळ पुरेल, याचाही हिशेब आपण मांडावा.

तोफेजवळ चार वर्षे काढलेल्या मुलाचा कान बाहेर पडताना तपासणीत ठीक निघतो आणि तिशीत जातो. उंचावर वजन वाहिलेल्या गुडघ्याचेही तसेच. त्या वेळी तो सैनिकही नसतो आणि माजी सैनिकही नसतो, मग सेवेमुळे झाले हे सिद्ध करायला त्याने कोणत्या वैद्यकीय मंडळापुढे उभे राहायचे? नियमित जवानांनाच हे सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे लष्करी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांनंतर ती चढण कमी झालेली नाही. उपचार द्यायचे ठरले तर बाहेर पडण्याच्या दिवशीची श्रवण-तपासणी आणि गुडघ्याची क्ष-किरण प्रत त्याच्या हातात द्यावी, आणि पुढची किमान दहा वर्षे तक्रार आली तर ती सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असावी. एवढे असेल तर आकडेमोड साहेबांची वर्गणी कापायला माझी हरकत नाही.